सुगंधाबाईचं अंगण आणि ऑकलंडचं विमान

सुगंधाबाईला गर्व चढला, असं गावात पक्कं झालं होतं. पोरगी विमानात नोकरीला लागली तेव्हापासून तिनं झाडायचा फडा हातात धरणं सोडलं, म्हणे. पिठाच्या चक्कीवर तर मी याच्याही पुढची गोष्ट ऐकली. दुबईहून झाडायचं यंत्र येणार आहे आणि ते येईपर्यंत बाई कचऱ्यातच बसून राहणार! सांगणारी इतकी रंगात आली होती, की मी माझं दळण तिथेच विसरले आणि अर्ध्या रस्त्यातून परत गेले.

यातलं काहीही खरं नाही. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि माझे कोपर टेकून टेकून त्या भिंतीला दोन खळगे पडलेत, तेव्हा माझं ऐका. सुगंधाबाई म्हणजे सकाळी डोळे नंतर उघडते आणि फडा आधी शोधते, अशी बाई. तिच्या अंगणात भात सांडला तर उचलून खावा. ती झाडत नाही ते फक्त करिष्मा, म्हणजे तिची एकुलती एक पोरगी, हवेत असते तेव्हा. आता करिष्माची नोकरीच हवेत राहायची, त्याला बाई काय करणार?

घरचं माणूस परगावी निघालं की लगेच केर काढू नये, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. मीही पाळते. नवरा गाडीवरून निघाला की तो पाराशी वळेपर्यंत थांबते आणि मग लागते कामाला. सुगंधाबाईचं मात्र तसं नाही. तिच्याकडे माणूस पोचल्याशिवाय केर निघत नाही. तिचा नवरा वारलूभाऊ खत आणायला सिंदेवाहीला गेला तरी हेच. घरोघरी फोन नव्हते तेव्हा ती परतीच्या फेरीची एसटी गाठायची आणि ड्रायव्हरला विचारायची, "उतरला का आमचा मानूस?" ड्रायव्हरही आमच्याच भागातला. तो गाडी हळू करून खिडकीतून ओरडायचा, "उतरला वो बाई, झाडा आता!" आणि सगळी एसटी हसत हसत पुढे जायची.

हसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. सुगंधाबाईचा थोरला भाऊ बिरजू एका वर्षी मिरची तोडायला तेलंगणात निघाला. ही तेव्हा परकर घालायच्या वयाची. भाऊ टेम्पोत बसला, टेम्पोची धूळ अजून खाली बसली नव्हती आणि हिनं अंगण झाडून घेतलं, कारण आईनं सांगितलेलं काम लवकर उरकलं तर बोरं वेचायला जायचं होतं. टेम्पो गोदावरीच्या अलीकडेच उलटला आणि बिरजू परत आलाच नाही. फड्यानं टेम्पो उलटत नाही, हे तिला आईनं सांगितलं, बापानं सांगितलं, लग्नानंतर वारलूभाऊनं सांगितलं. मीही भिंतीवरून पुष्कळदा सांगितलं. ती मान हलवते. मान हलवायला तिची कधीच ना नसते. पण फडा जागचा हलत नाही.

करिष्मा नागपूरला कॉलेजात गेली तोवर सगळं ठीक होतं. नागभीडवरून गाडी, दुपारपर्यंत फोन, की लगेच झाडझूड. मग पोरीनं तिथेच विमानातल्या नोकरीचं शिक्षण घेतलं आणि एक दिवस दुबईला रुजू झाली. आमच्या गावातून आकाशात गेलेली ती पहिलीच. तोपर्यंत आमच्याकडून वर गेलेलं सगळं म्हणजे धूर आणि बगळे.

पहिल्या महिन्यात तिला जवळची गावं मिळाली. मस्कत म्हणे, कुवेत म्हणे. सुगंधाबाई म्हणाली, "हे तं आपल्या वडसा-आरमोरीसारखं हाये," आणि दिवसातून एकदा तरी झाडायला मिळू लागलं. मग ऑकलंड आलं.

"आकलंड किती दूर असन वो बाई?" तिनं भिंतीशी येऊन विचारलं.

मी मोबाइल काढला. दुबईपासून चौदा हजार किलोमीटरच्या वर. असा आकडा तिला सांगून उपयोग नव्हता. म्हणून मी म्हटलं, "चंद्रपूरहून गडचिरोलीला जा. मग तिथून परत ये. असं नव्वद वेळा कर. की आलं ऑकलंड."

तिनं बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मग म्हणाली, "मधात चहाले कुठी थांबते?"

"कुठेच नाही. एका दमात. सोळा तास."

"एका दमात!" तिनं पदर तोंडाला लावला. "आन् मी तवरोक झाडाचं नाई?"

"तूच ठरव बाई," मी म्हटलं. "माझ्या शेवग्याचा पाला तुझ्याच अंगणात पडतो, मला काय, बरंच आहे."

त्या दिवसापासून आमच्या दोघींचा एक वेगळाच दिनक्रम सुरू झाला. मोबाइलवर विमान दिसतं. कागदाच्या नावेएवढं पिवळं विमान, खाली निळं पाणी. सुगंधाबाई संध्याकाळी ओसरीच्या पायरीवर बसायची आणि मी भिंतीच्या या बाजूला. "आता कुठी?" "समुद्र." ती म्हशीचं दूध काढून यायची. "आता कुठी?" "समुद्र." वारलूभाऊ जेवून हात धुवायचा. "आता?" "समुद्रच आहे बाई."

"एवढं पानी," ती म्हणायची, "कोनाच्या शेतात जाते वो?"

तिनं पाणी पाहिलं ते आसोलामेंढ्याच्या तलावाचं. तलावाचं पाणी नहरात येतं, नहराचं पाटात, पाटाचं बांधीत आणि बांधीतून धानाच्या बुडाशी. पाणी असेल तर ते कोणाच्या ना कोणाच्या शेतात जातच असणार. शेतच नसलेलं पाणी तिच्या डोळ्यापुढे येईना. मग तिनं आपला एक समुद्र तयार केला. आसोलामेंढ्याचाच तलाव, फक्त पलीकडचा काठ पुसून टाकलेला. त्याच्यावरून करिष्माचं विमान बगळ्यासारखं पाय पोटाशी घेऊन जातं. खाली नावेत एक म्हातारा कोळी बसलेला असतो. तो मान वर करून पाहतो आणि जाळं टाकायचं विसरतो. हा कोळी कुठून आला, हे मी तिला कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी विचारल्या की विरतात.

कधी कधी मोबाइलवरचं विमान पाण्याच्या मधोमध नाहीसंच व्हायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सुगंधाबाईनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. करिष्मानं पुढे फोनवर समजावलं, "आई, लई दूर पान्यावर गेलं की मोबाइलले दिसत नाई. मी असतोच." तेव्हापासून विमान नाहीसं झालं की ती डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "आता तुह्या मोबाइलले नाई दिसत, तं मले पाहू दे."

काय पाहायची, ते ती सांगायची. पोरगी पंगतीत वाढून राहिली आहे. तीनशे-चारशे माणसं ओळीनं बसलेली, सगळ्यांचे पाय बांधलेले आणि ही मधून ताटं घेऊन फिरते. लग्नघरात वाढणाऱ्या पोरीला निदान अंगणात येऊन वारा तरी घेता येतो, हिला तेही नाही. मग जेवणं झाली की दिवे मंद होतात आणि करिष्मा शिडी चढून वर जाते. विमानात वाढणाऱ्या पोरींना आळीपाळीनं झोपायला वर जागा केलेली असते, हे ऐकल्यावर सुगंधाबाईचा जीव थोडा खाली बसला होता. "म्हंजे मचान हाये," ती म्हणाली. धानाला डुकरं लागू नयेत म्हणून आमच्याकडे शेतात मचाण बांधतात. लहानपणी करिष्मा बापाच्या कुशीत तिथे झोपलेली. "मचानीवर झोपाची सवय हाये तिले," असं म्हणून ती स्वतःच जांभई द्यायची, जणू पोरीची झोप तिला लागली.

अंगणात इकडे शेवग्याची बारीक पिवळी पानं पडत राहायची. कोंबड्या उकरून जायच्या. वारा यायचा आणि सगळं एका कोपऱ्यात गोळा करायचा, मग त्याचं मन बदलायचं आणि पुन्हा पसरायचा. अंगणात पानं किती साचली त्यावरून पोरगी किती दूर गेली ते कळतं, असं एकदा ती म्हणाली. मी म्हटलं, "बाई, ऑकलंडच्या पुढे नोकरी लागली असती तर आपल्याला दारातून बाहेर पडता आलं नसतं." तिनं माझ्याकडे शेवग्याची एक शेंग फेकून मारली. शेंग माझीच होती.

जाताना सोळा तास, पण येताना सतरा. हे तिला फार दिवस पटत नव्हतं. रस्ता तोच, गाडी तीच, मग जास्त वेळ काऊन? करिष्मानं सांगितलं की येताना वारा तोंडावर असतो. तेव्हा तिला लगेच समजलं. भर वाऱ्यात सायकल मारत शाळेतून घरी येणारी करिष्मा तिनं पाहिलेली होती. पण तिला खरी भूल पडली ती दुसऱ्या गोष्टीची. ऑकलंडहून विमान सकाळी सुटलं तर सूर्य पुढे आणि विमान मागे, अशी दिवसभर धावाधाव चालते आणि सतरा तास उजेड मावळतच नाही. दुबईला उतरायच्या वेळी तिथे दुपारच कललेली असते.

"म्हंजे एकच दिवस," सुगंधाबाई म्हणाली. "रबरासारखा ताणलेला."

"हो."

"आन् माही पोट्टी त्यात." एवढं बोलून ती पायरीवरच बसून राहिली. म्हैस ओरडत होती तरी उठली नाही.

असं सगळं बरं चाललं होतं, तोवर मंडई आली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरी पाहुणे. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात सोयरिकी. कोणाची पोरगी उपवर, कोणाचा पोरगा नोकरीला, हे सगळं मंडईतच जुळतं. मंडईच्या दोन दिवस आधी वारलूभाऊची बहीण वच्छलाबाई वरोऱ्याहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं सांगून टाकलं, "स्थळ आनलं."

वरोऱ्याचंच स्थळ. पोरगा हेमराज, कोळशाच्या खाणीत हापिसात कामाला. फोटोत तर गुणी दिसत होता, हसताना थोडा लाजलेला. माणसं मंडईच्या दिवशी घर पाहायला येणार, पोरगी नंतर. वारलूभाऊला स्थळ मनापासून पटलं. पोरीच्या वयाच्या तिच्या मैत्रिणींची मुलं आता बालवाडीत जाऊ लागलीत, हे त्याच्या डोक्यात सारखं फिरतं. आणि खोटं कशाला बोलू, सुगंधाबाईलाही पटलं होतं. तिनं तो फोटो मला तीन वेळा दाखवला. चौथ्यांदा मीच मागितला.

करिष्माला ऑकलंडला फोन लावला. ती म्हणाली, "घर पाहू द्या. मी आल्यावर पोराशी बोलतो. पन आधीच सांगून ठेवा आत्याले, नोकरी मी सोडत नाई."

"कोन सोड म्हनते?" वच्छलाबाई म्हणाली आणि लगेच दुसरीकडे पाहू लागली.

मग कळलं, की करिष्माचं ऑकलंडहून निघायचं विमान नेमकं मंडईच्याच दिवशी. आपण इकडे झोपेत असणार तेव्हा तिकडे सकाळ होऊन ते सुटणार आणि आपला दिवस मावळायच्या थोडं आधी दुबईला टेकणार. म्हणजे मंडईचा अख्खा दिवस पोरगी वर, आणि फडा बंद.

"हात्तिच्या," सुगंधाबाई म्हणाली, "आदल्या दिशी झाडून ठेवतो ना." आणि ठेवलंच. आदल्या संध्याकाळी तिनं अंगण असं झाडलं, सडा घातला, ओसरी सारवली, की मी माझ्या अंगणात चप्पल काढून उभी राहिले. कोणाच्या घरी काही वाईट सांगायला जागाच उरली नव्हती. मला तर थोडं उदासच वाटलं.

पण पहाटे आभाळ दाटून आलं. धान कापून बांधीत पडलेलं, पाऊस आला तर काळं पडायचं. वारलूभाऊनं कोणाला न उठवता बंडी जुंपली आणि उजाडेपर्यंत सगळे भारे आणून अंगणात टाकले. पाऊस आलाच नाही. आभाळ आलं तसं गेलं. पण अंगणभर तणस, कोंडा, चिखलाची ढेकळं, बैलांचं शेण, आणि त्यावर गावातल्या सगळ्या कोंबड्या. सुगंधाबाई बाहेर आली आणि दारातच थांबली. वारलूभाऊ भाऱ्यामागे जाऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण भाऱ्यामागे बरोबर मावला.

"फडा आन," वच्छलाबाई म्हणाली.

"करिष्मा वरतं हाये," सुगंधाबाई म्हणाली.

"अवं, दुपारी मानसं येनार हायेत! वरोऱ्याची मानसं! त्याइले काय दाखोशीन, शेन?"

वच्छलाबाई स्वतःच फडा शोधायला लागली. दारामागे नाही, चुलीपाशी नाही, गोठ्यात खराटाही नाही. मग ती माझ्याकडे आली. मी ऐटीत माझा फडा आणायला गेले, तर माझाही नाही! भिंतीवर हात ठेवून सुगंधाबाई म्हणाली, "तुहाबी नेला. तू ऐकली नसती." इतक्या वर्षांच्या शेजाराचा हा मान. सगळे फडे आणि खराटे तिनं रात्रीच धान साठवायच्या रिकाम्या कणगीत टाकून वर झाकण लावलं होतं.

तेवढ्यात वारलूभाऊच्या मोबाइलवर करिष्माचा निरोप आला. त्यानं भाऱ्यामागूनच मोठ्यानं वाचला, "आई, पोचली. घर झाडून घे."

वच्छलाबाईनं दोन्ही हात जोडून वर पाहिलं. "पाह्य! पोचली. काढ आता फडे."

सुगंधाबाईनं अंगणात उभं राहून सूर्याकडे पाहिलं. अजून तो माझ्या शेवग्याच्याही वर आला नव्हता. माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल काढायला लागले तर म्हणाली, "राहू दे बाई. आताच कशी पोचन? आता तं ते तिकडची जमीन सोडून पान्यावर आली असन. आता मचानीवर चढली असन झोपाले."

"पोट्टी सोता सांगून राह्यली, पोचली म्हनून!"

"खोटं सांगून राह्यली." सुगंधाबाई हसली. "पाहुने आजच येनार, हे तिले मालूम होतं. निघाच्या आधीच लिहून ठेवलं तिनं, का सकाळी आपोआप जाईन म्हनून. माह्यासाठी खोटं बोलली. आता तं मी फड्याले हातच नाई लावत. खोट्यावर झाडाचं का?"

"मंग पाहुन्याइले काय सांगशीन?"

"खरं सांगन."

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारला. बाकी सुगंधाबाईनं काही कमी केलं नाही. हातानंच जमेल तेवढी ढेकळं उचलली, वडे तळले, कोंबडीचा रस्सा केला, नवं लुगडं नेसली. अंगण मात्र तसंच. उन्हात तणस पिवळं धमक दिसत होतं. दुरून पाहिलं तर कोणी मुद्दाम सोनेरी चादर अंथरल्यासारखं. जवळून पाहिलं तर शेण.

दुपारी जीप आली. हेमराजची आई आणि त्याचा मामा. आई साडीला कडक इस्त्री करून आलेली. तणसातून अशी पावलं टाकत आली जणू प्रत्येक काडीखाली साप आहे. कापसाकडची माणसं, त्यांना धानाच्या अंगणाची सवय नाही, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना माफ केलं. खुर्च्या मीच माझ्या घरून दिल्या. बाई बसली, चारी बाजूंना पाहिलं, पोरीचा फोटो पाहिला, वडे खाल्ले, रस्सा चांगला झाला म्हणाली. मामा पिकाबद्दल बोलत होता. वारलूभाऊचा चेहरा हळूहळू सैल झाला. मला वाटलं, जमतंय.

आणि मग, माझं नशीब पाहा, वच्छलाबाई म्हणाली, "शेजारीनबाई, चहा ठेवता का?"

मी आत गेले. चुलीवर दूध ठेवलं. बाहेर हेमराजच्या आईचा आवाज थोडा चढलेला ऐकू आला. "झाडत नाई" एवढं कानावर पडलं, "आमच्या घरी" एवढं पडलं, मी दाराकडे वळले आणि मागे दूध सळसळून उतू गेलं. ते सावरून ट्रे घेऊन बाहेर आले तो मंडळी उभी! हात जोडून "येतो" म्हणत होती. चहाकडे कोणी पाहिलंही नाही. मामा जमिनीकडे पाहत होता. वारलूभाऊ टोपी काढून पुन्हा घालत होता. वच्छलाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. आणि सुगंधाबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभी, जसं काही झालंच नाही.

जीप गेली. वच्छलाबाई रागानं त्याच जीपमध्ये बसून गेली. मी सहा कप चहाचा ट्रे घेऊन अंगणात उभी. दोन गल्ल्या पलीकडे नवरा-बायको कुजबुजले तर मला कळतं, आणि आज एका भिंतीआडचं वाक्य हुकलं! वारलूभाऊला विचारलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या बाई," आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सुगंधाबाईला विचारलं तर म्हणाली, "आधी करिष्मा पोचू दे."

मग मी मंडईत गेले. जिलबीच्या दुकानावर कळलं की सुगंधाबाईनं पाहुण्यांना खराटा फेकून मारला. हे मी तिथल्या तिथे खोडून काढलं, कारण खराटा कणगीत होता. बांगड्यांच्या दुकानावर कळलं की करिष्मानं विमान चालवणाऱ्याशी आधीच लग्न केलंय आणि आईनं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आकाशपाळण्याजवळ एक बाई तर म्हणाली, पाहुण्यांच्या बाईनंच अंगण झाडायला घेतलं आणि फिट येऊन पडली. मी घरी परत आले. एवढ्या सगळ्या गोष्टी, आणि त्यातली एकही मला पोटभर पुरेना.

ऊन उतरायला लागलं होतं. सुगंधाबाई पायरीवर बसलेली, मोबाइल मांडीवर. दिवेलागणीनंतरही झाडत नाहीत, हेही तिला पाळायचंच असतं. म्हणजे विमान टेकायचं आणि दिवा लागायचा, या दोन्हीच्या मधली चिंचोळी फट तेवढी तिच्या हाती होती. मंडईतला भोंगा लांबून ऐकू येत होता. नाटकवाले आवाज तपासत होते. वारलूभाऊ उठून दारात येऊन बसला होता. कोंबड्याही आता खाऊन खाऊन आळसावल्या होत्या. तणसावर ऊन असं पडलं होतं की अंगण जमिनीवर आहे की थोडं वर उचललं गेलंय, ते कळू नये. मला क्षणभर वाटलं, हे सगळंच हळूहळू कुठेतरी चाललंय, भाऱ्यांसकट, म्हशीसकट, आम्हा तिघांसकट, आणि खाली तो म्हातारा कोळी मान वर करून पाहतोय.

मोबाइल वाजला. चेहराच दिसला करिष्माचा, थकलेला, केस चापून बसवलेले.

"पोचली, आई."

"खरं?"

"खरं. सकाळचं खोटं होतं." ती जीभ चावून हसली. "हे पाह्य." तिनं मोबाइल फिरवला. काचेपलीकडे मोठं मैदान आणि त्यावर ऊन.

"सकाळचाच दिवस हाये का हा तुहा?"

"तोच. अजून सरला नाई." मग तिनं विचारलं, "पाहुने?"

"आले. जेवले. गेले."

करिष्मानं केसांतली पिन काढली. मग म्हणाली, "माह्यापायी गेले का?"

"झोप तू आता," सुगंधाबाई म्हणाली. "मले झाडाचं हाये."

तिनं कणगीचं झाकण काढलं. माझा फडा मला परत दिला आणि आपला घेऊन अंगणात उतरली. वारलूभाऊ उठला, कमरेला दुपट्टा बांधला आणि एकेक भारा उचलून बाजूला करायला लागला, म्हणजे तिला खालचंही झाडता यावं. सकाळपासून स्थळासाठी झुरणारा हाच तो माणूस. ती पुढे झाडत होती, तो पुढचा भारा उचलत होता. धूळ उठली आणि त्या धुळीत उतरतं ऊन शिरलं. दोघं त्यात कमरेपर्यंत बुडाली.

मी भिंतीवर कोपर टेकले. आता तरी सांग म्हटलं बाई, गावभर तुझे तीन अवतार फिरतायत, मला खरा एक दे.

तिनं फडा थांबवला नाही. म्हणाली, "पोराच्या आईनं इचारलं, अंगन काऊन नाई झाडलं? मी खरं सांगतलं. तं ते म्हने, आमच्या घरी असं नाई चालनार. मानूस कुठीबी गेलं तरी आमी सकाळी झाडून मोकळं होतो. कोनासाठी थांबत नाई."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हनलो, ज्या घरी कोनी थांबत नाई, त्या घरी माह्या पोट्टीनं पोचून काय कराचं?"